सिंथेटिक सिस्मिकवर बसत नाही? ताणाताणी करण्याआधी हे तपासा

सॉनिक (लहर खडकातून जायला लागणारा वेळ) आणि डेन्सिटी (घनता) या विहिरीतल्या लॉगवरून सिंथेटिक, म्हणजे गणिताने काढलेलं कृत्रिम सिस्मिक, तयार केलं, विहिरीपाशी सिस्मिक सेक्शनवर (जमिनीखालून परतलेल्या लहरींच्या चित्रावर) ठेवलं, आणि दोन्हींचा मेळ काही बसेना. तेलशोधाच्या कामात हे दुखणं पुन्हा पुन्हा येतं. सातारा-सांगलीत तेलाच्या विहिरी नाहीत, पण कराड, सातारा, सांगलीकडून भूशास्त्र शिकून मुंबई, बडोदा, आसामकडे याच कामाला लागलेली मुलं आहेत. त्यांना समोर ठेवून हा क्रम लावला आहे: आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग वेळखाऊ, शेवटी खर्चिक.

लक्षणं

आधी यातलं नेमकं काय दिसतंय ते ओळखा.

- सिंथेटिकचा आकार बरोबर आहे, पण ते अख्खं एकाच अंतराने वर किंवा खाली सरकलेलं आहे.
- वरच्या भागात जुळतं, खाली जावं तसा फरक वाढत जातो.
- एका खोलीपर्यंत ठीक, तिथून पुढे एकदम उडी.
- वेळ जुळते, पण सिंथेटिकच्या शिखरासमोर सिस्मिकची दरी येते.
- सिंथेटिकमध्ये ठसठशीत परावर्तन आहे आणि सिस्मिकमध्ये तिथे काहीच नाही, किंवा याच्या उलट.
- एका विहिरीला छान बसतं, शेजारच्या विहिरीला अजिबात नाही.
- खोलीत बदललेल्या सेक्शनवर सगळेच थर विहिरीतल्यापेक्षा खोल दिसतात.

चेकशॉट (जमिनीवरून सोडलेली लहर विहिरीत ठराविक खोलींवर पोहोचायला लागलेली वेळ) हाताशी असेल तर सगळ्यात आधी ड्रिफ्टचा आलेख काढा: चेकशॉटची वेळ वजा सॉनिक बेरीज करून आलेली वेळ, आणि समोर खोली. हा आलेख निम्मं निदान करून देतो. रेषा शून्यापासून दूर, पण सरळ उभी असेल तर दोष डेटमचा, म्हणजे शून्य कुठून मोजलं त्याचा. तिरकी असेल तर एकक, विहिरीचा कल किंवा वेग. मध्येच पायरी असेल तर लॉगचा जोड किंवा खराब झालेला पट्टा.

सॉफ्टवेअरमध्ये सिंथेटिक ताणायची-दाबायची सोय असते आणि दोन-चार ठिकाणी ओढलं की कोरिलेशन चांगलं दिसायला लागतं. घोडं इथेच पेंड खातं. ताणून आलेलं वेळ-खोलीचं नातं त्या एका विहिरीपुरतं राहत नाही. ते वेगाच्या मॉडेलमध्ये जातं, तिथून खोलीच्या नकाशात, आणि पुढची विहीर कुठे खणायची हे त्या नकाशावरून ठरतं. चूक जिथे झाली तिथेच ती दुरुस्त झाली पाहिजे.

१. फायली उघडून बघा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. तरीही हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

लास फायलीच्या (लॉगची फाइल) हेडरमध्ये खोली मीटरमध्ये आहे की फुटांत, आणि सॉनिकचं एकक मायक्रोसेकंद प्रति फूट आहे की प्रति मीटर, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ६० मायक्रोसेकंद प्रति फूट म्हणजे ५०८० मीटर प्रति सेकंद वेग. हाच आकडा प्रति मीटर लिहिला तर १९७ होतो. आता १९७ ला सॉफ्टवेअरने प्रति फूट धरलं तर वेग १५४७ निघतो, म्हणजे पाण्याइतका. घट्ट खडकात पाण्याचा वेग दिसला की एककच चुकलंय असं समजा.

रिकाम्या जागी बहुधा उणे ९९९.२५ हा आकडा भरलेला असतो. तो खरा मानून बेरीज झाली तर त्या पट्ट्याखालचं सगळं बिघडतं. ड्रिफ्टमध्ये मोठी उडी दिसली की आधी हे बघा.

सेग-वाय या सिस्मिकच्या फाइलमध्ये प्रत्येक ट्रेसच्या (एका जागेच्या नोंदीच्या) हेडरमध्ये चार जागा तपासा: ११७-११८ व्या बाइटवर सॅम्पल इंटर्व्हल (मायक्रोसेकंदात), १०९-११० वर रेकॉर्डिंगचा विलंब, १८१ पासून एक्स आणि १८५ पासून वाय, आणि ७१-७२ वर त्या अंकांचा स्केलर. स्केलर उणे १०० असेल तर कोऑर्डिनेट्सना १०० ने भागायचं असतं. विलंबाचा आकडा वाचायचा राहिला तर अख्खा सेक्शन तेवढ्या मिलिसेकंदांनी सरकतो.

चेकशॉटची वेळ एकेरी (फक्त जाण्याची) आहे की दुहेरी (जाऊन परत येण्याची), हेही इथेच उरकून घ्या. २००० मीटरवर ०.८ सेकंद लिहिलं असेल आणि ती एकेरी वेळ असेल, तर सरासरी वेग २५०० येतो. दुहेरी धरली तर ५०००. टर्शरी गाळाच्या खोऱ्यात २ किलोमीटरपर्यंत ५००० ची सरासरी येत नाही.

२. शून्य कुठे धरलंय?

सगळं सिंथेटिक एकाच अंतराने सरकलं असेल तर दहातल्या बहुतेक वेळा कारण इथे सापडतं.

गावाकडे विहिरीची खोली कोणी कठड्यापासून सांगतो, कोणी जमिनीपासून. तेलाच्या विहिरीतही तेच होतं, फक्त कठड्याच्या जागी रिगवरचं केली बुशिंग (केबी) असतं. लॉगची खोली तिथून मोजलेली असते. सिस्मिकचं शून्य मात्र प्रोसेसिंग करणाऱ्याने निवडलेल्या डेटमवर असतं. समुद्रात तो बहुधा समुद्रसपाटीचा, जमिनीवर कोणताही ठराविक उंचीचा. केबी जमिनीपेक्षा १२ मीटर उंच असेल आणि ते वजा करायचं राहिलं, तर वरच्या मऊ भागात २००० मीटर प्रति सेकंद वेगाने दुहेरी वेळेत १२ मिलिसेकंदांचा फरक पडतो.

जमिनीवरच्या सर्व्हेत याहून मोठा घोळ रिप्लेसमेंट वेगाचा. समजा जमीन समुद्रसपाटीपासून ५७० मीटरवर आहे, साधारण कराडएवढी, आणि डेटम ६०० मीटरवर धरलाय. मधल्या ३० मीटरच्या हवेत प्रोसेसिंगवाल्याने कल्पनेतला खडक भरलेला असतो. ४५०० च्या वेगाने तो भरला तर दुहेरी वेळ १३ मिलिसेकंद, २००० ने भरला तर ३०. फरक १७ मिलिसेकंद. तुम्ही विहिरीच्या बाजूने एक वेग धरला आणि प्रोसेसिंगमध्ये दुसरा वापरला असेल, तर बाकी कितीही काटेकोर काम केलं तरी मेळ बसणार नाही.

या १७ मिलिसेकंदांकडे जरा थांबून बघा. ३० हर्ट्झच्या लहरीचा पूर्ण फेरा ३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे १७ हा जवळपास अर्धा फेरा. शिखरासमोर बरोबर दरी येते. बघणाऱ्याला वाटतं पोलॅरिटी (शिखर-दरीची दिशा) उलटी आहे, तो ती फिरवतो, चित्र बऱ्यापैकी जुळतं, आणि आता डेटम आणि पोलॅरिटी दोन्ही चुकीचे होऊन बसतात. म्हणून पोलॅरिटीला हात लावण्याआधी डेटम पक्का करायचा. हा क्रम उलटा करू नका.

डेटमची उंची आणि रिप्लेसमेंट वेग प्रोसेसिंग रिपोर्टमध्ये आणि बऱ्याचदा सेग-वायच्या टेक्स्ट हेडरमध्ये लिहिलेले असतात. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे सापडले तर अंदाजाने एक निवडू नका, ज्यांनी प्रोसेसिंग केलं त्यांना विचारा.

३. विहीर नेमकी कुठे आहे?

तिरक्या विहिरीत केबलची लांबी आणि उभी खोली वेगळी असते. ३० अंशांच्या कलात १००० मीटर लांबीला उभी खोली ८६६ मीटरच भरते. राहिलेले १३४ मीटर ३००० च्या वेगाने दुहेरी वेळेत जवळपास ९० मिलिसेकंद होतात. डेव्हिएशन सर्व्हे लोड झालाय का, आणि त्यातली दिशा खऱ्या उत्तरेपासून आहे, ग्रिडच्या की चुंबकीय, हे बघा. सिंथेटिकही विहिरीच्या तोंडाखालच्या ट्रेसशी न जुळवता विहिरीच्या वाटेवरच्या ट्रेसशी जुळवायचं.

जुन्या विहिरींचे कोऑर्डिनेट्स एव्हरेस्ट स्फेरॉइडवर असतात, नवे सर्व्हे डब्ल्यूजीएस ८४ वर. न बदलता टाकले तर विहीर नकाशावर शंभर मीटरहून जास्त सरकू शकते. २५ मीटरच्या बिनमध्ये (ट्रेसमधल्या अंतरात) हे चार-पाच ट्रेस झाले. सपाट थरांत हे लपून जातं, फॉल्टजवळ नाही. एक विहीर जुळते आणि दुसरी नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं.

४. पोलॅरिटी

डेटम आणि जागा पक्की झाल्यावरच. समुद्रात तळ बघा. जमिनीवर असा थर शोधा जिथे इंपिडन्स (वेग गुणिले घनता) निःसंशय वाढतो. खंभातच्या खोऱ्यात टर्शरी गाळाच्या तळाशी डेक्कन ट्रॅप आहे, म्हणजे सह्याद्रीत आपल्या पायाखाली असलेला तोच कातळ. गाळातून ट्रॅपमध्ये शिरताना वेग आणि घनता दोन्ही वाढतात. तिथे झीरो-फेज डेटात (ज्यात लहरीचा मध्य बरोबर सीमेवर येतो) शिखर असेल तर सेग या जिओफिजिक्सच्या संस्थेची नॉर्मल पोलॅरिटी. ट्रॅपचा माथा कुजलेला असेल तर मात्र परावर्तन पसरट होतं, अशा ठिकाणी एकाच विहिरीवर निर्णय घेऊ नका.

५. लॉगची तब्येत

इथे वेळ द्या. सिंथेटिकमधलं प्रत्येक परावर्तन लॉगमधून जन्मतं. खोटा काटा गेला की खोटं परावर्तन आलंच.

पहिल्यांदा कॅलिपर, म्हणजे विहिरीच्या व्यासाची नोंद. बिट साडेआठ इंचांचा आणि कॅलिपर १२-१३ इंच दाखवतोय, म्हणजे भिंत ढासळली आहे. शेलमध्ये हे नेहमीचं. डेन्सिटीचं पॅड भिंतीला टेकत नाही आणि खडकाऐवजी चिखलाची घनता मोजतं, आकडा खोटाच कमी येतो. सॉनिकमध्ये त्याच जागी पहिली लहर हुकते आणि उंच काटे दिसतात, ज्याला सायकल स्किपिंग म्हणतात. काटे काढताना बाजूच्या निरोगी पट्ट्याचा कल धरा. सरसकट मोठं स्मूदिंग फिरवलं तर खोट्या काट्यांबरोबर खरे पातळ थरही जातात.

डेन्सिटी बिघडली असेल तर गार्डनरचं सूत्र वापरता येतं: घनता म्हणजे ०.३१ गुणिले वेगाचा ०.२५ घात, वेग मीटर प्रति सेकंदात, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये. ३००० ला २.२९ येते, शेल-वाळूत चालून जातं. बेसाल्टमध्ये नाही. ५५०० ला सूत्र २.६७ देतं, तर घट्ट काळ्या पाषाणाची घनता २.९ च्या आसपास असते. मीठ आणि अ‍ॅनहायड्राइटलाही हे सूत्र लावू नका.

वेगवेगळ्या खोलीला घेतलेल्या लॉगचे तुकडे जोडलेले असतात. दोन्ही तुकड्यांचा गॅमा रे (नैसर्गिक किरणोत्साराचा लॉग) एकमेकांवर ठेवून बघा. जोडाशी दोन मीटरची फट किंवा चढ असेल तर तिथे पायरी येणारच. केसिंगच्या आतला सॉनिक सिमेंट चांगलं बसलं असेल तरच विश्वासाचा.

वायूच्या थरात चिखलाचं पाणी शिरून भिंतीजवळचा वायू मागे सरतो. लॉग ते पाणी बघतो, सिस्मिक मात्र पलीकडचा वायू. सिंथेटिक फिकं आणि सिस्मिक ठळक दिसण्याचं हे एक कारण. यावर गॅसमनची दुरुस्ती (खडकातला द्रव बदलून वेग पुन्हा काढणं) लागते, आणि ती पेट्रोफिजिसिस्टकडूनच (लॉग वाचणाऱ्या तज्ज्ञाकडून) करून घ्यावी, कारण सच्छिद्रता आणि पाण्याचं प्रमाण चुकलं तर उत्तर आणखी बिघडतं.

६. चेकशॉट आणि सॉनिकचा वाद

सॉनिक हजारो हर्ट्झवर मोजतो, सिस्मिक दोन आकडी हर्ट्झवर. त्यामुळे सॉनिकचा वेग थोडा जास्त येणं स्वाभाविक आहे. ३००० च्या वेगाच्या थरात १०० मीटरला एकेरी वेळ ३३ मिलिसेकंद, म्हणजे १०० मीटरमागे १ मिलिसेकंदाचा ड्रिफ्ट ३ टक्के झाला. एवढं समजण्यासारखं आहे. याच्या तिप्पट दिसलं तर मागे जाऊन पाचवी पायरी पुन्हा करा.

चेकशॉटलाही डोळे झाकून मान देऊ नका. स्रोत विहिरीपासून ५० मीटरवर असेल तर २०० मीटर खोलीला लहरीची तिरकी वाट २०६ मीटर होते, ३ टक्के जास्त. वरच्या बिंदूंना ही दुरुस्ती केलीय का ते बघा. शेजारच्या दोन बिंदूंमधला इंटर्व्हल वेग एकदम ६००० आणि पुढच्याच टप्प्यात १८०० निघाला, तर तिथे पहिली लहर चुकीची पकडली आहे. तो बिंदू काढून टाका.

सॉनिकला चेकशॉटवर बसवताना वळणाचे बिंदू मोजकेच, आणि खडक जिथे बदलतो तिथेच ठेवा. प्रत्येक चेकशॉटपाशी वळण दिलं तर वेगात कृत्रिम पायऱ्या पडतात आणि त्या सिंथेटिकमध्ये परावर्तन होऊन दिसतात.

यानंतरही थोडं ताणावं लागलं तर त्याची किंमत काढा. दोन मार्करमध्ये ९० मीटर आणि ६० मिलिसेकंद आहेत, म्हणजे वेग ३०००. तुम्ही ते ६६ मिलिसेकंद केलेत, वेग २७२७ झाला, ९ टक्के कमी. सॉनिक १०२ वरून ११२ च्या जवळ गेला. त्या पट्ट्यातला लॉग निरोगी असेल तर हा बदल करायचा अधिकार तुम्हाला नाही.

७. वेव्हलेट

वेव्हलेट, म्हणजे सिस्मिकमधल्या मूळ लहरीचा आकार, विहिरीजवळच्या ट्रेसमधून काढताना खिडकी वेव्हलेटच्या लांबीच्या किमान तीन-चार पट हवी. १२० मिलिसेकंदांच्या वेव्हलेटला ५०० च्या आसपास. खिडकी लहान आणि वेव्हलेट लांब ठेवलं की कोरिलेशन सुरेख येतं आणि त्याला काडीचा अर्थ नसतो, कारण तेवढ्या मोकळिकीत गोंगाटही जुळवून घेता येतो. वेव्हलेटला लांब शेपटी फुटली असेल तर तो याच प्रकाराचा पुरावा. एजीसी (अ‍ॅम्प्लिट्यूड आपोआप सारखं करणारी प्रक्रिया) लावलेला सेक्शन इथे वापरू नका, त्यात अ‍ॅम्प्लिट्यूडचं खरं नातं मोडलेलं असतं. फेज सगळ्या विहिरींना साधारण सारखा यायला हवा. एकीला २० अंश आणि दुसरीला १४० आले तर दोष वेव्हलेटचा नसून वरच्या कुठल्यातरी पायरीचा आहे.

८. विहीर बरोबर, आता प्रोसेसिंग

इथवर सगळं स्वच्छ निघालं आणि तरी मेळ नाही, तर विहिरीच्या हातात प्रोसेसिंग सुधारायची किल्ली आहे.

खोलीच्या सेक्शनवर सगळ्या विहिरींत थर ३ टक्के जास्त खोल दिसत असतील, तर स्टॅकिंगचा वेग (सिस्मिक डेटावरून काढलेला) उभ्या वेगापेक्षा जास्त आहे. शेलच्या थरांत आडवा आणि उभा वेग सारखा नसतो म्हणून असं होतं. थॉमसनचा डेल्टा, म्हणजे दिशेनुसार बदलणाऱ्या वेगाचं एक माप, यातूनच मिळतो: गुणोत्तर १.०३ तर डेल्टा साधारण ०.०३. हा आकडा मायग्रेशनच्या (परावर्तनं खऱ्या जागी नेण्याच्या प्रक्रियेच्या) मॉडेलमध्ये घालायचा असतो. शेवटच्या नकाशाला ३ टक्क्यांनी दाबून उत्तर जुळवलं तर गॅदर (एकाच जागेच्या ट्रेसचे गट) तसेच वाकडे राहतात. उलट एखाद्या पट्ट्यात स्टॅकिंगचा वेग विहिरीपेक्षा बराच कमी असेल, तर पिकिंग (वेग निवडणं) मल्टिपलवर, म्हणजे थरांत एकाहून जास्त वेळा परतलेल्या लहरीवर, झालंय का ते तपासा. व्हीएसपी (विहिरीत रिसीव्हर ठेवून नोंदलेलं सिस्मिक) असेल तर हे लगेच कळतं, कारण त्यात वर येणारी आणि खाली जाणारी लहर वेगळी करता येते. विहिरीपाशी प्रत्यक्ष नोंदलेल्या खाली जाणाऱ्या लहरीवरूनच डीकॉनचा (लहर आखूड करून मल्टिपल काढण्याच्या प्रक्रियेचा) ऑपरेटर बनवता येतो, आणि वेगवेगळ्या खोलींवरच्या तिच्या स्पेक्ट्रमच्या गुणोत्तरातून क्यू (खडकात लहर किती विरते त्याचं माप) निघतो.

एक विहीर मात्र बाजूला ठेवा. वेग, डेल्टा, फेज यातलं काहीही तिच्यावरून ठरवू नका. सगळं झाल्यावर तिच्यावर ताडून बघा. सगळ्याच विहिरी कॅलिब्रेशनला वापरल्या की मॉडेल बरोबर आहे की फक्त जुळवलेलं आहे, हे कळायला वाट उरत नाही.

ट्रॅप असेल तर

सौराष्ट्र-कच्छमध्ये मेसोझोइक गाळ ट्रॅपखाली दडलेला आहे, आणि तिथलं काम समजून घ्यायला सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीच्या प्रकल्पात कोयना भागात गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधण झालं. ते भूकंपाच्या अभ्यासासाठी, तेलाशी त्याचा संबंध नाही. पण त्यात सुमारे १२५० मीटर ट्रॅप आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. एवढ्या जाडीला सरासरी वेग ५००० धरला तर दुहेरी वेळ ०.५० सेकंद, ४५०० धरला तर ०.५६. म्हणजे वेगाच्या एका अंदाजाने साधारण ५५ मिलिसेकंदांचा फरक. ट्रॅपखालचा थर शोधणाऱ्याला तो परवडणारा नाही.

घाटात उघड्या कड्याकडे बघितलं तरी अडचण दिसते. काळा पाषाण, त्यावर मांजऱ्या खडक, मध्ये गेरूचा तांबडा पट्टा, पुन्हा पाषाण. प्रत्येक सीमेवर लहर परतते, थराथरांत घुमते, आणि उंच फ्रिक्वेन्सी तिथेच खर्ची पडते. अशा डेटावर जोराचं व्हाइटनिंग (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या उचलणं) करून ५०-६० हर्ट्झ ओढून काढलं तर गोंगाटच वर येतो. ५ ते १५ हर्ट्झ जपा, लांब ऑफसेट (स्रोत आणि रिसीव्हरमधलं अंतर) ठेवा, आणि ट्रॅपखाली दिसणाऱ्या प्रत्येक सलग रेषेला व्हीएसपीने दुजोरा मिळेपर्यंत मल्टिपल समजा.

कुठे थांबायचं

पहिल्या चार पायऱ्या कोणीही कराव्यात. पाचवीत लॉगचा वीस-पंचवीस टक्क्यांहून जास्त भाग खराब निघाला तर पेट्रोफिजिसिस्टला बोलवा. मायग्रेशन, डेल्टा, क्यू, मल्टिपल काढणं हे प्रीस्टॅक (ट्रेस एकत्र करण्याआधीच्या) डेटाचं काम आहे, ते प्रोसेसिंगच्या अनुभवी माणसाचं. सोनारानेच कान टोचलेले बरे. नवा चेकशॉट किंवा व्हीएसपी हवा असेल तर ते विहिरीच्या जागी परवानगीने आणि प्रशिक्षित पथकानेच करायचं. तिथे विहिरीतला दाब, उचललेली जड उपकरणं, कधी स्फोटकं आणि डेन्सिटी टूलमधला किरणोत्सारी सीझियम असतो, त्यामुळे शिकाऊ माणसाने हात लावायचा प्रश्नच नाही.

आणि थांबायची सगळ्यात स्पष्ट खूण: निरोगी लॉगच्या पट्ट्यात ५ टक्क्यांहून जास्त ताणल्याशिवाय मेळ बसत नसेल, तर पुढे ताणू नका.

मदत मागताना हे सोबत पाठवा: मूळ, न सुधारलेली लास फाइल, कॅलिपर आणि बिटचा आकार, डेव्हिएशन सर्व्हे, केबी आणि जमिनीची उंची, डेटम आणि रिप्लेसमेंट वेग, चेकशॉटची कच्ची वेळ स्रोताच्या अंतरासकट, प्रोसेसिंग रिपोर्ट, आणि न ताणलेल्या सिंथेटिकचा स्क्रीनशॉट ड्रिफ्टच्या आलेखासह. ताणलेलं पाठवलं तर समोरच्याला आधी तुमचं ताणणं उलगडत बसावं लागतं.